कच्चथीवू परत घेतलं, तरी ट्रॉलर पकडले जाणारच

तमिळनाडूत निवडणूक जवळ आली की एक मजकूर सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या बॅचच्या ग्रुपपर्यंत फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: "इंदिरा गांधींनी 1974 मध्ये भारताचं कच्चथीवू बेट श्रीलंकेला दान केलं. संसदेला विचारलं नाही, म्हणून करारच बेकायदा आहे. बदल्यात आपल्याला काही मिळालं नाही. त्यामुळेच आपले मच्छीमार पकडले जातात. उद्या तिथे चीन तळ टाकेल. करार फाडा, बेट ताब्यात घ्या, प्रश्न संपला."

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच बाकीची पचून जातात. एकेक घेऊ.

आधी "दान". कच्चथीवू म्हणजे 285 एकरांचं, माणूस न राहणारं, गोड्या पाण्याचा झरा नसलेलं बेट. तिथे सेंट अँथनीचं चर्च आहे, वर्षातून एकदा यात्रा भरते, एवढीच वर्दळ. रामेश्वरमपासून ते 25-30 किलोमीटरवर आणि जाफनाच्या बाजूच्या नेदुंथीवू बेटापासूनही जवळपास तितकंच लांब. त्यावर रामनाडच्या राजाची जमीनदारी होती, म्हणजे भारताचा दावा हवेतला नव्हता. 1960 मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल सेटलवाड यांनी आपली बाजू जड असल्याचं मत दिलं होतं. पण समोरही कागद होते. 1921 मध्ये मद्रास आणि सिलोनच्या (म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या) अधिकाऱ्यांनी मासेमारीसाठी जी रेषा आखली, तिच्यात बेट सिलोनच्या बाजूला गेलं होतं. आपल्या बाजूने मालकीचा दावा राखून ठेवला गेला आणि ती आखणी लंडनने पक्की केली नाही, हेही खरं. म्हणजे दोघांचा दावा होता आणि सीमा कुणीच ठरवलेली नव्हती.

नेहरूंना या बेटाचं काडीचंही महत्त्व वाटत नव्हतं, हे त्यांच्या 1961 च्या टिपणात आहे. त्यावर टीका जरूर करा. पण "भारताचा भूभाग दिला" म्हणताना एक अडचण येते. 2015 मध्ये, मोदी सरकारच्याच काळात, परराष्ट्र मंत्रालयाने माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की या भागाची सीमा कधी आखलेलीच नव्हती, त्यामुळे भारताचा प्रदेश देण्याचा किंवा घेण्याचा प्रश्न आला नाही. 2024 च्या निवडणुकीत त्याच सरकारने उलटा सूर लावला. कागद तेच होते, प्रचार बदलला होता. आणि त्याच 2015 मध्ये बांगलादेशाशी भूसीमा करार अमलात आला, त्यात आपण दुसऱ्या देशाच्या जमिनीने वेढलेले 111 तुकडे दिले आणि 51 घेतले. संसदेत तो एकमताने मंजूर झाला, आणि ते योग्यच होतं. त्याला दान म्हणणारा फॉरवर्ड मला तरी आला नाही.

दुसरा मुद्दा घटनादुरुस्तीचा. हा वकिली मुद्दा आहे आणि पोकळ नाही. 1960 मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. जयललितांनी 2008 मध्ये याच आधारावर याचिका केली. पण 1969 मध्ये कच्छच्या रणाबाबत, मगनभाई पटेल खटल्यात, त्याच न्यायालयाने फरक केला: वादात असलेली सीमा निश्चित करणं म्हणजे भूभाग देणं नव्हे, ते सरकार करारानेही करू शकतं. (तेव्हा लवादाने वादग्रस्त रणाचा साधारण दहावा भाग पाकिस्तानला दिला होता.) मग सगळा खटला एका प्रश्नावर येतो: कच्चथीवू 1974 आधी निर्विवाद आपलं होतं की वादग्रस्त? फॉरवर्डमध्ये याचं उत्तर गृहीत धरलेलं असतं. केंद्राची न्यायालयातली भूमिका विचाराल, तर 2014 मध्ये ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी तिथे सरळ सांगितलं होतं की बेट परत हवं तर युद्ध करावं लागेल.

"बदल्यात काही नाही" हे वाक्य तर 1976 ठाऊक नसल्याचा पुरावा आहे. त्या वर्षी 23 मार्चला मन्नारचं आखात आणि बंगालच्या उपसागरातली सीमा ठरली. सोबतच्या पत्रांमध्ये कन्याकुमारीच्या दक्षिणेचा वॅज बँक हा मासेमारीचा पट्टा भारताचा असल्याचं श्रीलंकेने मान्य केलं. तिथे पूर्वापार येणाऱ्या श्रीलंकेच्या बोटींना फक्त तीन वर्षांची मुदत मिळाली, तीही सहा बोटी आणि वर्षाला 2,000 टन मासळी या मर्यादेत. बेट द्या आणि वॅज बँक घ्या असा सौदा करारात लिहिलेला नाही, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही. पण दोन वर्षांत मिळून समुद्राची जी वाटणी झाली, ती एकत्रच वाचायला हवी.

आणि रागवायचंच असेल, तर 1976 वरच रागवा. 1974 च्या कराराच्या पाचव्या कलमात भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीसारखं, व्हिसाशिवाय कच्चथीवूवर जाता येईल असं आहे. सहाव्यात दोन्ही देशांच्या नौकांचे एकमेकांच्या पाण्यातले परंपरागत हक्क राखले आहेत. त्या हक्कात मासेमारी येते की नुसतं जाळी वाळवणं आणि विसावणं, यावर निदान भांडता येत होतं. 1976 च्या पत्रांनी ते दारही बंद केलं: एका देशाच्या मच्छीमारांनी दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करू नये, असं स्पष्ट लिहिलं गेलं. तेव्हा देशात आणीबाणी होती आणि तमिळनाडूतलं करुणानिधींचं सरकार दोनच महिन्यांपूर्वी, 31 जानेवारीला बरखास्त झालं होतं. ज्यांच्या चुलीचा प्रश्न, त्यांच्या वतीने बोलायला विधानसभाही नव्हती. खरी तक्रार इथे आहे. ती मात्र ग्रुपवर फिरत नाही, कारण तिच्यात नकाशावर बोट ठेवायला बेट नाही.

आता मुख्य दावा: बेट परत आलं की अटका थांबतील.

आकडे गंभीर आहेत. एप्रिल 2024 मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितलं की 20 वर्षांत श्रीलंकेने 6,184 भारतीय मच्छीमार पकडले आणि 1,175 बोटी जप्त केल्या. पण त्या पकडल्या कुठे? नेदुंथीवूजवळ, कारैनगर, पॉइंट पेड्रोच्या किनाऱ्यालगत, दक्षिणेला मन्नारजवळ. नागपट्टिनम आणि कारैकलच्या बोटी ज्या उत्तरेच्या पाण्यात सापडतात, तिथून कच्चथीवू दिसतही नाही. सागरी सीमा या बेटाच्या पश्चिमेला साधारण एका मैलावरून जाते. उद्या बेट आपलं झालं आणि त्याला सीमा आखताना पूर्ण वजन मिळालं असं धरलं, तरी रेषा बेट आणि नेदुंथीवू यांच्या मध्यावर सरकेल, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. निर्मनुष्य खडकाला एवढं वजन सहसा मिळतही नाही. ट्रॉलर त्या नव्या रेषेच्याही पलीकडेच असतील.

कारण त्यांना बेट नको आहे, कोळंबी हवी आहे. साठच्या दशकापासून सरकारनेच ट्रॉलरना प्रोत्साहन दिलं. वजनदार जाळं समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं, वाटेत येईल ते खरवडून घ्यायचं: कोळंबी, पिल्लं, अंडी, तळावरची वनस्पती. तमिळनाडू आणि उत्तर श्रीलंका यांच्यामधला पाल्कचा उपसागर उथळ आहे, आपल्या बाजूचा भाग अरुंद आहे, आणि तो काही दशकांत ओरबाडून झाला. त्याच काळात पलीकडे यादवी सुरू झाली. 1983 ते 2009 या वर्षांत जाफना-मन्नारच्या तमिळ मच्छीमारांना श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात मोकळेपणी जाऊच दिलं नाही. ते पाणी ओस पडलं आणि आपले ट्रॉलर तिथे रुळले. गोळीबारात आपली माणसंही मेली, हे विसरता येत नाही. पण धंदा त्या पाण्यावर उभा राहिला.

2009 मध्ये युद्ध संपलं. जाफनाचा कोळी लहान बोट आणि साधी जाळी घेऊन परतला, तर रात्री येणारे ट्रॉलर त्याची जाळी फाडून जायचे. कर्जावर घेतलेलं जाळं एका रात्रीत गेलं की हंगाम बुडाला. जाफन्यात भारतीय ट्रॉलरविरुद्ध मोर्चे निघाले ते तमिळांचे. सिंहली नौदल विरुद्ध तमिळ मच्छीमार हे चित्र आपल्याला सोयीचं वाटतं, पण या भांडणात जाळं फाटलेला माणूस तमिळच आहे. श्रीलंकेने 2017 मध्ये तळ खरवडणारी मासेमारी कायद्यानेच बंद केली, स्वतःच्या बोटींसाठीसुद्धा.

मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा कर्नाटकातल्या मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल काय बोलतो, ते ऐकलंय ना? तिथे आपण बेधडक लहान मच्छीमाराच्या बाजूने उभे राहतो. पाल्कच्या उपसागरात मलपीच्या जागी आपण आहोत.

चीनचा मुद्दा झटपट. 2021 मध्ये एका चिनी कंपनीला सौर-पवन प्रकल्पांचं काम मिळालं होतं ते नेदुंथीवू, नैनातीवू आणि अनलैतीवू या वस्तीच्या बेटांवर. कच्चथीवू त्यात नव्हतं. भारताने हरकत घेतली, काम थांबलं, आणि 2024 मध्ये ते भारताच्या अनुदानातून भारतीय कंपनीकडे आलं. चीनला रोखायला करार फाडावा लागला नाही. उलट तो फाडला, तर कोलंबोला बीजिंगच्या दारात आपणच नेऊन सोडू.

"सिंधू पाणीवाटप करार स्थगित केलाच ना, मग हाही करा" असं आता विचारलं जातं. तो पाण्याचा करार आहे, हा सीमेचा. परिस्थिती बदलली म्हणून सीमाकरार मोडता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना नियम आहे आणि ईशान्येत जुन्या करारातल्या मॅकमहॉन रेषेवर बोट ठेवून चीनशी वाद घालणाऱ्या देशाला तो फार उपयोगाचा आहे. शिवाय 1974 मोडीत निघाला, तर 1976 आणि वॅज बँक शाबूत राहील असं कुणी सांगितलं?

मग करायचं काय? कायमस्वरूपी भाडेपट्टा हा पर्याय तमिळनाडूतून मांडला गेला आहे. तीनबिघा हा जमिनीचा चिंचोळा पट्टा आपण बांगलादेशाला तसाच दिला, त्यामुळे कल्पना वेडगळ नाही. पण भाड्याने मिळेल तो खडक, कोळंबी नव्हे. मला त्याहून ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांचा 1978 चा टॉरेस सामुद्रधुनी करार जास्त शिकण्यासारखा वाटतो. त्यात समुद्रतळाची रेषा वेगळी आणि मासेमारीची वेगळी, किनाऱ्यावरच्या परंपरागत लोकांना पासपोर्टशिवाय ये-जा, आणि व्यापारी मासेमारीचा वाटा दोघांत ठरलेला. बेटं कुणाची हे न उकरता लोकांचं पोट सांभाळता येतं. आपल्या सहाव्या कलमात याचं बीज होतं. साध्या जाळ्याच्या लहान बोटींना, मोजक्या दिवसांचे परवाने, दोन्ही बाजूंनी: 1976 च्या पत्रांवर पुन्हा बोलणी करायची तर यासाठी करावीत.

मात्र ट्रॉल गेल्याशिवाय जाफना हे ऐकून घेणार नाही. 2017 मध्ये केंद्र आणि राज्याने योजना काढली: तीन वर्षांत 2,000 ट्रॉलर हटवून खोल समुद्रातल्या बोटी द्यायच्या. बोटीची किंमत 80 लाख, 70 टक्के अनुदान, 20 टक्के कर्ज, 10 टक्के मालकाचे. बोटी त्या आकड्याच्या आसपासही गेल्या नाहीत. रात्री जाऊन सकाळी परतणाऱ्याला टूनासाठी कित्येक दिवस समुद्रात राहायला सांगायचं, तर नवं कसब, बर्फ, डिझेल, बाजार सगळंच नवं लागतं. त्यासाठी पैसा ओतायला हवा आणि परत घेतलेला ट्रॉलर तोडायला हवा, दुसऱ्या बंदरात विकायला नव्हे. मालकाखेरीज खलाशाचंही काहीतरी ठरवायला हवं. बोट त्याच्या नावावर नसते, तुरुंगात मात्र तोच जातो.

दोन्हीकडच्या मच्छीमारांनी सरकारांच्या आधी हे करून पाहिलं आहे. 2010 मध्ये जाफनाच्या बाजूने वर्षभरात 70 दिवस भारतीय ट्रॉलरना येऊ द्यायचं कबूल केलं, अट एवढीच की त्या वर्षभरात ट्रॉल बंद करायचा. तो झाला नाही. 2014 मध्ये चेन्नई आणि कोलंबोत, 2015 मध्ये पुन्हा चेन्नईत बैठका झाल्या. आपल्या बाजूने आणखी तीन वर्षं मागितली, त्यांनी नकार दिला. बोलणी अडली ती ट्रॉलच्या मुदतीवर, बेट कुणाचं यावर नव्हे.