खुला असतो तो कोड, रुग्णांची माहिती नव्हे

‘ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या रुग्णांच्या नोंदी कुणालाही वाचता येतात,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. घोळ ‘ओपन’ या शब्दाचा आहे. खुला असतो तो प्रोग्रॅमचा कोड, म्हणजे प्रोग्रॅम कसा चालावा याच्या लिहिलेल्या सूचना. नोंदी ज्या त्या यंत्रणेच्या सर्व्हरवर, लॉगिनच्या आतच राहतात.

ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने विकसित झालेलं, आरोग्याच्या नोंदी ठेवणारं डीएचआयएस-२ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या. कोड कुणीही डाउनलोड करावा. पण आरोग्य केंद्रातली परिचारिका लॉगिन करते तेव्हा तिला नेमून दिलेल्या केंद्रापुरतंच काम करता येतं. वरच्या पातळीचे, म्हणजे तालुका-जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर तिच्या लॉगिनला तसा अधिकार द्यावा लागतो.

धोका नसतोच असं नाही, पण तो वेगळीकडे असतो. नव्याने बसवलेल्या डीएचआयएस-२ मध्ये ॲडमिनचा पासवर्ड ‘डिस्ट्रिक्ट’ असतो आणि तो जगजाहीर आहे. तो तसाच ठेवला, तर दोष कोडचा नाही. (पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवणारेही आहेतच, तिथे महागडं सॉफ्टवेअरही काय करणार?)

त्याच मेसेजमधलं ‘सगळं फुकट’ हेही अर्धसत्य. परवाना फुकट, सर्व्हर, बॅकअप, प्रशिक्षण यांना पैसे लागतातच.