अपघातात गेले म्हणून शहीद नाहीत? त्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड फिरतोय, काल तो आमच्या ताईलाही आला, आणि तिचा मुलगा सध्या एअर फोर्समध्ये फ्लाइंग ट्रेनिंग घेतोय. तिने विचारलं, "खरंय का रे हे?" म्हणून लिहितोय. फॉरवर्डचं म्हणणं: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची (म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेक करणाऱ्या विभागाची) बहुतेक पोरं जर्मनांनी मारलीच नाहीत, स्वतःच्या चुकीने अपघातात मेली, सरकारने ते दाबलं, आणि अपघातात मेलेला शहीद नसतो.

"बहुतेक" साफ खोटं. एकूण 55,573 जण गेले, त्यात अपघातात 8 हजारांहून थोडे जास्त, म्हणजे साधारण सातातला एक. आकडा भयंकर आहे, ट्रेनिंगमध्येच हजारो गेले, एवढं मान्य करावं लागतं.

पण "स्वतःची चूक"? ट्रेनिंगला विमानं कुठली, तर बऱ्याचदा लढाईत वापरून खिळखिळी झालेली व्हिटली नाहीतर वेलिंग्टन बॉम्बर. खाली ब्लॅकआउट, म्हणजे युद्धामुळे सगळे दिवे बंद, वेल्सचे डोंगर ढगात, आणि नॅव्हिगेटर, म्हणजे रस्ता दाखवणारा, विशीतला पोरगा. हॅलिफॅक्स बॉम्बरच्या सुरुवातीच्या मॉडेलचं तर रडर (शेपटीवरचं, विमान वळवायचं फळकूट) एका बाजूला जाऊन अडकायचं आणि विमान ताब्यातून सुटायचं, शेवटी शेपटीचं डिझाईनच बदलावं लागलं.

16 डिसेंबर 1943 ची रात्र घ्या. बर्लिनच्या हल्ल्यात 25 लँकेस्टर बॉम्बर गेली. बाकीची परत आली तर तळांवर ढग इतके खाली उतरलेले की धावपट्टी दिसेना, सात-सात तास उडून पेट्रोल संपत आलेलं, घिरट्या घालता घालता आणखी 29 लँकेस्टर कोसळली किंवा क्रूने पॅराशूटने उड्या मारून सोडून दिली. त्यात एकट्या 97 स्क्वाड्रनची (विमानांच्या एका तुकडीची) 7. जवळपास 150 जण इंग्लंडला पोचून मेले, जर्मन तोफा आणि फायटर चुकवून आलेली माणसं होती ती, आणि यांची म्हणे चूक झाली!

दाबलं वगैरे सोडा, हे आकडे कित्येक वर्षं छापील पुस्तकांत आहेत.

राहिलं शहीद. ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा नियम स्पष्ट आहे: 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सैन्याच्या सेवेत असताना जो गेला, मग कारण काहीही असो, त्याची नोंद आणि मान तोच. दगडावर हुद्दा, नाव, तारीख असते, कसा मेला ते नसतं. पुण्यात खडकीचं वॉर सिमेट्री याच कमिशनचं आहे, कुणीही जाऊन बघावं.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. ज्याने तिला तो मेसेज पाठवला त्यालाही हेच पाठवलंय, त्याने अजून डिलीट केलेला नाही.