जिद्दीला सलाम, चार कॉलम

दहावी-बारावीचे निकाल लागले की संपादक हाक मारतील, "अरे, एखादी अंध मुलगी बघ." नवे बातमीदार असाल तर बावरू नका. ही बातमी आधीच लिहून तयार असते. मथळा 'अंधारावर मात', खाली 'जिद्दीला सलाम'. नाव आणि टक्के भरले की झालं.

घरी गेलात की प्रश्न आईला विचारा. मुलगी समोरच बसलेली असेल, ८८ टक्के मिळवलेत म्हणजे तिला बोलताही येत असणार. पण डोळे आईचे भरून येतात. मुलगी मधेच लेखनिकाचं काही काढेल, की परीक्षा तोंडावर आली तरी मिळत नव्हता, शाळा म्हणे तुमचं तुम्ही बघा. मान डोलवा आणि वही मिटा.

एक शब्द मात्र जपा: 'असूनही'. अंध असूनही, पाय अधू असूनही, कर्णबधिर असूनही. हवा तितका वापरा. त्याचा भाऊ 'नसूनही' आहे, त्याच्यापासून सावध. शाळेत ब्रेल पुस्तकं नसूनही, एसटीत चढायची सोय नसूनही, असं लिहायला लागलात की बातमी मुलीची राहत नाही, कुणाकुणाला फोन करावे लागतात.

तहसील कचेरीचंच घ्या. निराधार योजनेच्या कागदासाठी एक गृहस्थ हातांवर जिना चढतायत, असा व्हिडिओ तुमच्याकडे येईल. सोनं आहे ते! मागे व्हायोलिन लावा. अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला, नियम निघाल्यापासून ५ वर्षं दिली होती, नियम २०१७ साली निघाले आणि मुदत २०२२मध्येच संपली, हा हिशेब व्हायोलिनवर बसत नाही. गृहस्थांची जिद्द बसते.

कर्णबधिर तरुणाची मुलाखत असेल तर पडद्यावर त्याचं बोलणं लिहून दाखवायच्या भानगडीत पडू नका. तेवढ्यात निवेदिकेचा गळा दाटून येऊ द्या. ई-पेपरचं पानही नुसतं चित्र म्हणून चढवा. अंधांचं वाचन-सॉफ्टवेअर त्यापुढे मुकं होतं, म्हणजे जिच्यावर लिहिलं तिचं तक्रारपत्र यायची भीती नाही.

भाषेचं म्हणाल तर 'अपंग' लिहू नका, 'दिव्यांग' लिहा. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो शब्द सुचवला आणि आपण लगेच उचलला. शब्द बदलायला सिमेंट लागत नाही, रॅम्पला लागतं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृश्य माध्यमांना बजावलं, की 'पीडित', 'ग्रस्त' अशा अर्थाचे शब्द टाळा. दृश्य माध्यमांना हं. आपण छापील.

आणि खेळाडू? घाई करू नका. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा आपणही धावतपळत गेलो आणि 'दुर्लक्षित नायक' असा मथळा दिला. दुर्लक्ष कुणी केलं, ते बातमीत लिहायचं नसतं.

वर्षात एक दिवस मात्र चुकवू नका, ३ डिसेंबर. जागतिक दिन, सभागृह, व्हीलचेअर वाटप. मंचाला पाच पायऱ्या असतात, त्यामुळे पाहुणे वर आणि लाभार्थी खाली अशी सोयीची विभागणी आपोआप होते. फोटोपुरते पाहुणे खाली उतरतील. त्यांचा हात खुर्चीवर आणि नजर कॅमेऱ्यात, एवढं बघा. खुर्चीत बसलेल्याचं नाव विचारायचं राहिलंच तर 'एक दिव्यांग बांधव' लिहा. पाहुण्यांचं आडनाव दोनदा तपासा.