ताई, ते थिनर नव्हतं

नमस्कार ताई. आखाजीच्या आदल्या दिवशी जेल पॉलिश काढताना तुमच्या बोटांची आग झाली, ऐन सणात नखं पांढरी पडली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पण ‘हे लोक हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर लावतात’ असं तुम्ही सगळ्या जळगावला सांगितलंत, ते फार लागलं.

ते नुसतं ॲसिटोन होतं, सीलबंद बाटलीतलं, तुमच्यासमोर उघडलेलं. रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावकं मिसळलेली असतात. ते नखाला लावायचं काम मी कधी केलं नाही, करणारही नाही. ॲसिटोन नसलेलं रिमूव्हर का नाही वापरलं, असं तुम्ही विचारता. त्यात बहुतेक इथाइल ॲसिटेट असतं. साधी नेलपॉलिश त्याने निघते, कारण ती नुसती वाळलेली असते. जेल यूव्ही दिव्याखाली पक्कं होतं. ॲसिटोनमध्ये ते फुगतं, मऊ पडतं, तेव्हा कुठे नखावरून सुटतं, आणि त्यासाठी नखावर ॲसिटोनचा कापूस ठेवून, वर फॉइल गुंडाळून १०-१५ मिनिटं द्यावीच लागतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं, बोटावरचा कापूस बघता बघता कोरडा होतो. म्हणून आमच्या दुकानातली मुलगी तो परत ओला करत होती. ते ‘जास्तीचं केमिकल ओतणं’ नव्हतं, ताई.

लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. तुम्ही आलात तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांवरचं जेल ओढून काढलेलं होतं. असं ओढलं की नखाचा पापुद्राही सोबत येतो, त्या जागी ॲसिटोन झोंबतंच. ती दोन बोटं आज राहू द्या म्हटलं, तुम्ही ऐकलं नाही. ॲसिटोन नखातलं तेल-पाणी ओढून घेतं, म्हणून ती पांढरट दिसतात. तेल लावते, पाच मिनिटं बसा म्हटलं, तर चोपड्याची बस चुकेल म्हणून तुम्ही उठलात.

टेबल खिडकीपाशी घ्यायचं, वासाचंही काहीतरी बघायचं चाललंय. तुम्ही रोज रात्री नखांना खोबरेल लावा आणि नवीन नख वर येईपर्यंत जेल नको. एकदा येऊन जा, पैसे घेणार नाही. फक्त तो ‘थिनर’ शब्द तेवढा काढा. लग्नसराई चालू आहे, दोन मुलींचा पगार याच दुकानावर आहे, आणि कालच एका नवरीच्या आईने फोन करून बुकिंग रद्द केलं.