तिसरं महायुद्ध काय फक्त बॉम्बच्या धाकाने टळलं?

‘अणुबॉम्बच्या धाकानेच अमेरिका आणि सोव्हिएत रशियाचं युद्ध टळलं, करार आणि वाटाघाटी म्हणजे नुसते कागदी घोडे’ असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यात तीन दाखले दिलेत: क्युबाच्या पेचाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले म्हणून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह नमले, शस्त्रं वाढली तशी शांतता पक्की झाली, आणि करार कोणी पाळतच नाही. धाकाचा वाटा मी नाकारत नाही. अण्वस्त्रं नसती तर बर्लिनवरून कदाचित लढाई जुंपलीही असती. पण हे तिन्ही दाखले टिकत नाहीत.

आधी क्युबा. सोव्हिएतांनी तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणून ठेवली आणि ती हटवा म्हणून अमेरिका अडून बसली, तो हा पेच. २७ ऑक्टोबर १९६२ च्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर हल्ला करणार नाही आणि तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. फक्त दुसरी गोष्ट गुप्त ठेवायची होती. पुढच्या एप्रिलपर्यंत ती क्षेपणास्त्रं हललीसुद्धा. हा सौदा वर्षानुवर्षं दडून राहिला, म्हणूनच ‘ठाम राहिलं की समोरचा झुकतो’ हा समज इतका घट्ट रुजला.

त्याच दिवशी अमेरिकी नौदल बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी पाण्यात इशाऱ्याचे स्फोट करत होतं. तिच्यात अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो होता, आणि वरच्या जहाजांना त्याचा पत्ताच नव्हता. आतला कप्तान भडकला होता. वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला आवरलं. जे शस्त्र आहे हेच माहीत नाही, त्याचा धाक कुणाला वाटणार?

शिवाय तेव्हा दोन राजधान्यांमध्ये थेट संपर्कही नव्हता. दोब्रिनिन यांची आठवण आहे, की दूतावासाचा सांकेतिक संदेश न्यायला तार कंपनीचा पोरगा सायकलवर यायचा. तो वाटेत रेंगाळू नये, एवढीच आशा त्यांच्या हातात असे. जून १९६३ मध्ये हॉटलाइनचा करार झाला तो याच धड्यातून. तो टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तो कामी आला.

दुसरा दाखला तर उलटाच आहे. १९८३ मध्ये दोघांकडेही शस्त्रांचे डोंगर होते, आणि तेच वर्ष सर्वांत धोक्याच्या वर्षांपैकी एक ठरलं. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. २६ तारखेला सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने यंत्रणेला फसवलं होतं. तेव्हा पाळीवर असलेले सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा ठरवला म्हणून प्रकरण तिथेच थांबलं.

आता करारांचं. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडीत काढणारा १९८७ चा आयएनएफ करार केला तो अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी, ज्यांना कोणी मवाळ म्हणणार नाही. त्यातून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. रशियात वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या फाटकावर अमेरिकी तपासनीस वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होते, बाहेर पडणारा माल तपासत होते. अमेरिकेत युटा राज्यात सोव्हिएत तपासनीस तेच करत होते. रशिया करार मोडतोय असं म्हणत २०१९ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली, हे खरं आहे. पण नष्ट झालेली क्षेपणास्त्रं त्यामुळे परत आली नाहीत. उलट, मोजदाद थांबली की काय होतं ते आता दिसतंय. दोन्ही देशांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट करारात वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची सोय होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे त्या बंद पडल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

आपल्याकडेही असा एक करार आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असं भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला ठरवलं. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिली, बालाकोटनंतरही दिली. तारापूरच्या अणुभट्ट्या याच कराराच्या कक्षेत येतात. सीमेवर कितीही तणाव असला तरी पुढच्या १ जानेवारीला ती यादी गेलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.