आजार फक्त सवयींचा? फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश सर्रास पुढे ढकलला जातो. आजार हे ज्याच्या त्याच्या सवयींचे फळ असते, त्यामागे समाज असल्याचे संशोधन म्हणजे निव्वळ मते असतात, आणि तसे काही असलेच तरी ते सामान्य माणसाला सापडत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. या तिन्ही विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सवयींचे महत्त्व कोणीच नाकारत नाही. पण मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला ठाऊक असतोच. साइटवर बायकांसाठी संडास नसेल, तर ती दिवसभर घोट-दोन घोटांवर भागवते. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, की केसपेपरवर फक्त जंतुसंसर्गाची नोंद होते. संडास नसल्याची होत नाही.

‘निव्वळ मते’ हा आक्षेप तर अजिबात टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासातले सगळे पुरुष सरकारी नोकर होते आणि त्यांच्यात उपाशी कोणी नव्हते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे जमेस धरूनही त्या फरकाचा मोठा भाग उलगडला नाही. याहून जवळचे उदाहरण झारखंडचे आहे. तिथे क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या घरांत रेशन केवळ रुग्णालाच मिळत होते त्यांच्या तुलनेत या घरांत नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुफ्फुसाचा, म्हणजे इतरांना लागणारा, ४८ टक्क्यांनी. जंतू तोच होता. ताटातल्या अन्नाने फरक पडला.

आपल्या विदर्भातही असे काम झाले आहे. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन गावांतील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, तर आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

राहिला सापडण्याचा प्रश्न. गुगलवर ‘आजाराचे मूळ कारण’ असे टाकले, तर बहुधा घरगुती उपायच समोर येतात. त्याऐवजी ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ (आरोग्य ठरवणारी सामाजिक कारणे; इंग्रजीत social determinants of health) आणि ‘आरोग्य विषमता’ (health inequalities) हे शब्द इंग्रजीत घेऊन पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या संकेतस्थळावर शोधावे. तिथे सारांश फुकट वाचता येतात. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर नागपूर विद्यापीठाचेही प्रबंध आहेत, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नागपूर जिल्ह्याचे वेगळे आकडे मिळतात.