मुलांचा अभ्यास मुलांच्या हाती लागू देऊ नका

शाळेत नाव मुलाचं असलं तरी शिकायचं आईबापांनी असतं, एवढं एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं सोप्पंय. पहिलं काम, दप्तराचा ताबा घ्या. उद्या कुठल्या वह्या न्यायच्यात, होमवर्क काय दिलंय, हे पोराला विचारत बसायचं नाही, त्यासाठी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रात्री साडेदहाला "उद्या भूगोलाची कुठली वही?" असं टाकायचं, पाच मिनिटांत फोटोसकट उत्तर हजर. पोराने वर्गात कान देऊन ऐकायची, डायरीत लिहून आणायची कटकटच मिटली. नाहीतर काय होतं, एखाद दिवशी वही घरी राहते, बाईंची बोलणी बसतात आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून आपलं दप्तर आपण भरायला लागतं. असली रिस्क घ्यायचीच कशाला?

आता मेन कार्यक्रम, म्हणजे रोजचा अभ्यास. वेळ अशी निवडा की तुम्ही दमून आलायत आणि पोरगी पेंगतेय. समजा वजाबाकी आहे, ४०३ वजा १२८, आणि तिने उत्तर लिहिलं ३२५. लगेच कपाळावर हात मारा, "हातचा कुठंय? हजार वेळा सांगितलंय!" म्हणा, तिच्या हातातली पेन्सिल काढून घ्या, पान फाटेस्तोवर खोडा आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात २७५ लिहून मोकळे व्हा. चुकूनही "हे ३२५ कसं आलं गं?" असं विचारू नका. विचारलंत तर फसाल, कारण ती सांगेल की तीन आणि आठात आठ मोठा, आठातून तीन गेले राहिले पाच, शून्य आणि दोनात दोन मोठा, राहिले दोनच, आणि चारातून एक गेला, तीन. म्हणजे पोरीने धांदरटपणा केलेलाच नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान घालवायचा असा नियम तिने स्वतःच बसवलाय आणि तो इमानदारीत पाळलाय! मग हा नियम का चालत नाही ते सांगत बसा, एककाला दशकाकडे मागावं लागतं, दशकाच्या घरात शून्य, मग शतकाकडे जायचं, तिथला एक मोडून दहा दशक आणायचे, त्यातला एक पुन्हा मोडायचा. खरं सांगू का, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना करता येतं पण समजावता येत नाही. त्यापेक्षा ओरडणं स्वस्त.

आणि तुम्हाला स्वतःला गणित बघून घाम फुटत असेल तर मागे हटू नका, उलट रोज बसा. अमेरिकेत पहिली-दुसरीतल्या मुलांवर झालेलं एक संशोधन २०१५ मध्ये छापून आलं, त्यात ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि तरी जे वारंवार होमवर्क घ्यायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली, भीती मात्र वाढली. जमीनजुमला नसला म्हणून काय झालं, वारसा असाही देता येतो.

पाठांतराचं म्हणाल तर धडा चार वेळा वाचून घ्या आणि लगेच प्रश्न विचारा. फडाफडा उत्तरं येतील, तुम्हाला समाधान, पोरालाही समाधान. रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच बघितलं होतं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणारे पुढे. आपल्याला आठवड्याशी काय करायचंय? आत्ता येतंय ना, बास.

कौतुक मात्र भरपूर करा, फक्त ते मेहनतीचं नको, डोक्याचं करा. "आमचा उपजतच हुशार आहे हो", हे पाहुण्यांसमोर, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगात हुशारीची शाबासकी मिळालेली दहा-अकरा वर्षांची मुलं पुढे जपूनच खेळायला लागली, अवघड कोडी फसल्यावर लवकर कंटाळली, आणि दुसऱ्या मुलांना आपले मार्क कळवताना त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. हुशार म्हणवून घेतलं की हुशार दिसत राहावं लागतं ना, मग अवघडाच्या वाटेला जातो कोण.

एखादी गोष्ट पोरगं स्वतःच्या आवडीने करत असेल, चित्रं काढतंय, काहीतरी वाचत पडलंय, तर तिथे ताबडतोब बक्षीस लावा. हा उपाय जुना आहे, १९७३ सालीच तपासलेला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना सर्टिफिकेट कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे फिरकली. म्हणजे दहा पानांमागे अर्धा तास मोबाईल असा रेट ठरवलात की वाचनाची खोड हळूहळू जाते.

प्रोजेक्ट तर तुम्हीच करणार, त्यात सांगायचं काय.

राहता राहिली परीक्षा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं डॉक्टर लोक म्हणतात, म्हणोत. आदल्या रात्री बारापर्यंत रिव्हिजन, पहाटे पाचला पुन्हा उठवणं, दारात चप्पल घालता घालता शेवटचे दोन प्रश्न. पेपर सुटला की गेटवरच प्रश्नपत्रिका हातात घ्यायची, हे लिहिलंस का, त्यात काय लिहिलंस, असं एकेक विचारत तिथल्या तिथे किती मार्क गेले याचा हिशोब करायचा, शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीची उत्तरंही ताडून बघायची. पोरीचा चेहरा पुरता उतरला की डोक्यावरून हात फिरवून म्हणायचं, "जाऊ दे गं, टेन्शन नको घेऊस, उद्या विज्ञान आहे ना."